दोन चिठ्ठ्या

कसब्याच्या पोटनिवडणुकीचं मतदान २६ फेब्रुवारी २०२३ला होतं. रविवार. बाबांना वाड्याच्या जिन्यावरून खाली उतरवायला वीस मिनिटं लागली. मी पुढे उलटी उतरत होते, मागून भाऊ धरून होता. बाबांचं वय अठ्ठ्याहत्तर. ऐंशीच्या पुढच्यांना घरबसल्या मत देता येणार होतं, ती सोय दोन वर्षांनी हुकली. (२०२४मध्ये ती अट पंच्याऐंशीवर गेली, म्हणजे हुकलीच असती.)

दहा दिवसांपूर्वी आमचं भांडण झालं होतं. केसरीवाड्यात गिरीश बापट प्रचाराला आले होते. व्हीलचेअरवर, नाकात ऑक्सिजनची नळी. १९९५पासून ते पाच वेळा कसब्याचे आमदार, मग पुण्याचे खासदार. टीव्हीवर ते बघून मी म्हटलं, "अशा माणसाला कशाला आणलं?" ज्यांच्या निधनाने ही जागा रिकामी झाली त्या मुक्ता टिळकांनाही जून २०२२मध्ये कॅन्सर असताना अँब्युलन्समधून मुंबईला मतदानाला नेलं होतं. आधी राज्यसभेच्या, मग विधान परिषदेच्या. मला ते सगळं एकाच रांगेतलं वाटत होतं.

बाबा म्हणाले, "आणलं म्हणू नकोस. आला तो."

बाबा काही त्यांचे मतदार नव्हते. उलट अण्णा जोशी खासदार झाल्यावर कसब्यात जी पोटनिवडणूक झाली, तिच्यात बापटांना हरवून काँग्रेसचे वसंत थोरात निवडून आले, हे ते चवीने सांगायचे. पण त्या दिवशी त्यांच्या स्वतःच्या पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं. मी विषय वाढवला नाही. अजूनही मला वाटतं, पक्षाने त्यांना घरी राहू द्यायला हवं होतं. बाबांचं म्हणणंही मला खोडता आलेलं नाही.

२ मार्चला रवींद्र धंगेकर जवळजवळ अकरा हजारांनी निवडून आले. मग आठवडाभर पेठांमध्ये एकच चर्चा: टिळकांच्या घरात उमेदवारी दिली नाही, म्हणून अमका समाज रुसला. मला ते अर्धवट वाटतं. त्याच दिवशी चिंचवडलाही पोटनिवडणूक होती. तिथे तिरंगी लढतीत भाजपच्या अश्विनी जगताप जिंकल्या, पण नाना काटे आणि बंडखोर राहुल कलाटे यांच्या मतांची बेरीज त्यांच्याहून जास्त होती. कसब्यात सरळ लढत झाली, इतकं साधं असावं.

२९ मार्चला बापट गेले. बाबांनी पेपर घडी करून ठेवला आणि विचारलं, "आता लोकसभेची कधी?"

सहा महिन्यांत, मी सांगितलं. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १५१ए तसंच सांगतं. सभागृहाची मुदत वर्षापेक्षा कमी उरली असेल तर सूट, पण इथे तर वर्षाच्या वर उरली होती. तरी तारीख लागली नाही. आयोगाचं म्हणणं, २०२४च्या तयारीत आम्ही गुंतलो आहोत. एका पुणेकराने याचिका केली, तेव्हा डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने पोटनिवडणूक ताबडतोब घ्या असा आदेश दिला. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. पुण्याला चौदा महिने खासदार नव्हता. आपल्या रोजच्या आयुष्यात काय अडलं, असं शेजारचे काका म्हणायचे. मला त्या वाक्याचीच भीती वाटते.

बाबा मधूनमधून विचारत राहिले. "लागली का तारीख?" गणपतीत विचारलं तेव्हा आवाज अगदी खोल गेला होता. दिवाळीच्या आधी ते गेले.

मे महिन्यात मतदार चिठ्ठ्या वाटायला बाई आल्या. त्यांनी तीन नावं वाचली. भावाचं, माझं आणि बाबांचं. नाव वगळायचा सात नंबरचा अर्ज असतो. मी तो आणूनही ठेवला होता, टीव्हीच्या खालच्या खणात, कोराच. बाईंना मी सांगितलं की ते आता नाहीत. त्यांनी यादीत पेनाने खूण केली आणि दोन चिठ्ठ्या माझ्या हातात दिल्या. मग जरा थांबून विचारलं, "ही तिसरी ठेवायचीय का तुम्हाला?"