आमचा अर्थशास्त्राचा तास

(तृतीय वर्ष कला)

अर्थशास्त्र हा विषय घेणाऱ्याकडे आमच्या महाविद्यालयात दोन प्रकारच्या नजरांनी पाहिले जाते. एक नजर कौतुकाची; ती फार थोड्यांची. दुसरी सहानुभूतीची, ती बाकी सर्वांची! 'मराठी घेतलं असतंस तर कविता तरी वाचायला मिळाल्या असत्या,' असे म्हणणाऱ्या मैत्रिणी मला भेटल्या. 'अर्थशास्त्र घेतलंस? आता आयुष्यात अर्थ उरणार नाही,' असा आशीर्वाद देणारे सीनियरही भेटले. प्रथम वर्षाला वर्ग ओसंडून वाहत असतो आणि तृतीय वर्षाला आम्ही उरतो अकरा. या अकरांपैकी एकीने आपल्या विषयाविषयी आणि तो शिकविणाऱ्या सरांविषयी चार शब्द लिहावेत, असे संपादक मंडळाने सुचविले. सरांनी 'नाव छापू नका' एवढी एकच अट घातली. ती मी पाळते आहे.

आमचा वर्ग म्हणजे पश्चिम रेल्वेचे वेळापत्रकच. कोणी सफाळ्याहून येतो, कोणी केळवे रोडहून, कोणी उमरोळी, बोईसर, वाणगावहून. विरारपुढे डहाणूपर्यंत लोकल धावू लागली ती २०१३ साली. तेव्हापासून गाड्या वाढल्या खऱ्या, पण गाडी चुकण्याचे प्रमाण काही कमी झालेले नाही. मनोर-विक्रमगडकडची मुले एस.टी.ने येतात आणि आम्ही सातपाटीच्या मुली टमटममध्ये एकमेकींच्या मांडीवर बसून. त्यामुळे पहिल्या तासाला वर्ग कधीच एका वेळी भरत नाही. तो हप्त्याहप्त्याने भरतो.

पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर मागणीचा नियम लिहिला : 'इतर परिस्थिती कायम असताना, किंमत वाढली की मागणी घटते.' नियम लिहून होतो न होतो तोच दारात चार मुले उभी राहिली. 'सर, गाडी लेट.' पाठोपाठ आणखी तीन. 'सर, एस.टी. बंद पडली.' सर शांतपणे फळ्याकडे वळले आणि 'इतर परिस्थिती' या शब्दांखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या. 'लक्षात ठेवा, ही पुस्तकात कायम असते. पालघर जिल्ह्यात नसते.' त्या दिवसापासून सरांचे नाव पडले 'इतर परिस्थिती'. 'आज इतर परिस्थिती आली आहे का?' असे आम्ही कॉरिडॉरमध्ये एकमेकांना विचारतो. सरांना हे ठाऊक आहे.

माझी आई पापलेट, बोंबील, जे मिळेल ते घेऊन पालघरच्या बाजारात बसते. हे सरांना कळले त्या दिवशी मला गृहपाठ मिळाला : 'दुपार उलटली की मासळीचा भाव का उतरतो, ते आईला विचारून ये.' मी रात्री विचारले. आई हसली. 'अगो बाय, कॉलेजात हे शिकवतात? न विकलेल्या मासळीला बर्फ लागतो. बर्फाचे पैसे कोण देणार? उद्या ती शिळी म्हणून पाडून मागतील ते वेगळंच!' दुसऱ्या दिवशी मी हे वर्गात सांगितले. सरांनी ते एका उभ्या रेषेत फळ्यावर मांडले. होडी एकदा किनाऱ्याला लागली की त्या दिवसाचा पुरवठा ठरला. आता भाव काहीही असो, मासळी वाढणार नाही. हाच अल्पतम काळातील पुरवठा. मग सर म्हणाले की आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने आपल्या १८९० सालच्या ग्रंथात काळाचा मुद्दा समजावताना मासेमारीच्याच धंद्याचा दाखला घेतला आहे. रोजचा भाव वेगळा, वर्षा-दोन वर्षांचा वेगळा आणि एका पिढीचा वेगळा. 'मार्शलला केंब्रिजमध्ये बसून जे लिहावे लागले, ते हिच्या आईला पाटीजवळ बसून ठाऊक आहे,' असे सर म्हणाले तेव्हा वर्गाने टाळ्या वाजविल्या. मी घरी जाऊन आईला सांगितले. तिने विचारले, 'त्याची बायको मासळी विकायची का?'

पुढे त्याच पापलेटवर आम्ही महिनाभर होतो. बारीक आसाच्या जाळ्यात पिल्ले सापडतात, ती विकली जातात आणि मोठे पापलेट दर वर्षी दुर्मीळ होत जाते. एकट्याने थांबून उपयोग नाही, कारण आपण सोडलेले पिल्लू शेजारची होडी धरते. गॅरेट हार्डिनने १९६८ साली अशा सामायिक मालमत्तेची शोकांतिका मांडली. तिला एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी उत्तर दिले. २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला. तुर्कस्तानातील अलान्या या गावचे मच्छिमार चिठ्ठ्या टाकून मासेमारीच्या जागा कशा वाटून घेतात, हे त्यांनी आपल्या पुस्तकात दाखविले. सरकार नाही, खाजगी मालक नाही. गावानेच केलेला आणि गावानेच पाळलेला नियम. हे ऐकताना मला आजोबांची नारळी पौर्णिमा आठवली. पूर्वी दर्याला नारळ दिल्याखेरीज होडी लोटायची नाही, हा नियम कोणा साहेबाने काढलेला नव्हता. आता सरकारची १ जून ते ३१ जुलै अशी बंदी असते. २०२३ साली पापलेट हा महाराष्ट्राचा राज्य मासाही झाला. मान मिळाला, पण मासा मिळेल का, हा प्रश्न सातपाटीत रोज विचारला जातो.

येथवर वाचून कोणाला वाटेल की आमचा तास म्हणजे नुसती मौज. तसे मुळीच नव्हते. सरांचा मोठा दोष, निदान आमच्या मते, असा की ते नोट्स देत नाहीत. इतर विषयांत 'लिहून घ्या' म्हटले की पेने सरसावतात. इथे सर बोलत राहणार आणि आम्ही पाहत राहणार. त्यातून बोलणे भरभर. आकृत्या सोप्या, पण ग्रंथालयातील चांगली पुस्तके इंग्रजी आणि आम्ही बहुतेक जण मराठी माध्यमाचे. पहिल्या चाचणीत अर्ध्याहून अधिक वर्ग नापास झाला. तेव्हा आम्ही प्राचार्यांना एक अर्ज लिहिला : 'सरांनी नोट्स द्याव्यात.' त्यावर माझीही सही होती आणि तो अर्ज आजही मला रास्त वाटतो. ज्याच्या घरी पुस्तक नाही, त्याने पुस्तकावाचून विचार करावा हे म्हणणे सोपे असते.

अर्ज फिरत फिरत सरांकडेच आला. त्यांनी तो वर्गात मोठ्याने वाचला. आम्ही माना खाली घातल्या. वाचून झाल्यावर ते म्हणाले, 'ही तुमची मागणी. आता मागणीची व्याख्या सांगा.' कोणीतरी चाचरत सांगितले, 'नुसती इच्छा म्हणजे मागणी नव्हे. इच्छेमागे किंमत देण्याची ऐपत आणि तयारी हवी.' 'बरोबर. तुम्ही काय किंमत द्याल?' बराच वेळ कोणी बोलेना. मग बोईसरचा एक मुलगा म्हणाला, 'सर, शनिवारी आठ वाजता येऊ.' सौदा ठरला! शनिवारी सर नोट्स देत नसत; एकेक इंग्रजी शब्द घेत, त्याचा मराठी अर्थ फोडत, आणि आम्ही अर्धे पान उत्तर स्वतः लिहून त्यांच्यापुढे ठेवायचे. लाल शाईने ते पान रक्तबंबाळ होऊन परत येई. पुढच्या परीक्षेत नापासांची संख्या बरीच घटली. तरी काही मुलांनी विषय सोडला, हेही सांगितले पाहिजे. शनिवारी आठला यायचे तर ज्याला पहाटेची एस.टी.च नाही, त्याने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर सरांजवळही नव्हते.

द्वितीय वर्षाला सरांनी प्रकल्प दिला : 'माझ्या घराचा जमाखर्च.' पैसा कोठून येतो, कोठे जातो आणि ज्या कामाचा पैसा येत नाही ते काम कोण करते. विक्रमगडकडच्या आमच्या एका मैत्रिणीची वही सरांनी वर्गात वाचली, पण आधी तिला बाजूला बोलावून तिची परवानगी घेऊन. दिवाळीच्या तोंडावर आईबाप वीटभट्टीच्या मालकाकडून बयाणा घेतात. मग हजार विटांमागे ठरलेल्या दराने पावसाळ्यापर्यंत तो फेडायचा. आठवड्याचा खर्चीचा पैसा त्यातूनच वजा. हिशेब मालकाच्या वहीत. तिने शेवटी लिहिले होते, 'शिल्लक : किती ते माहीत नाही.'

त्या दिवशी सरांनी अभ्यासक्रम बाजूला ठेवला. याच मुलखात लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको सावकाराकडे राबत. त्यांना 'लग्नगडी' म्हणत. १९४५ साली तलासरी-डहाणू-उंबरगावच्या वारल्यांनी त्याविरुद्ध उठाव केला. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ती हकिगत लिहिली आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा १९७७ साली आला. हे सारे ऐकून ती मैत्रीण उभी राहिली. 'सर, एवढे कायदे झाले, मग बयाणा कसा राहिला?' सर म्हणाले, 'कायद्याने बेडी तोडली. दिवाळीत घरी रोकड नसते ती गरज मात्र तशीच राहिली. गरज आहे तोवर कोणीतरी नवी बेडी घडवतो.'

त्या हिवाळ्यात तिलाही धाकट्या भावंडांना सांभाळायला भट्टीवर जावे लागले. तेव्हा नोट्स न देणाऱ्या सरांनी स्वतःच आम्हांला नोट्स लिहायला बसविले. पाळीपाळीने आम्ही धडे उतरवून काढले, सरांनी ते तपासले आणि तिच्या पाड्यावरच्या एका मुलाबरोबर ते तिच्याकडे गेले. ती परीक्षेला आली आणि उत्तीर्ण झाली. यंदा तिला शासकीय वसतिगृहात जागा मिळाली. आमच्या अकरांत ती आहे.

आमची सहल गेली बोईसर-तारापूरला. खरे तर निम्म्या वर्गाच्या घरीच! १९६९ साली सुरू झालेले तारापूरचे अणुवीज केंद्र हे देशातले पहिले व्यापारी अणुवीज केंद्र. त्यानंतर एम.आय.डी.सी. आली, औषधे, रसायने, कापड, पोलाद आले. पुढे तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. सरांनी आम्हांला रस्त्याच्या कडेला उभे करून वहीत दोन रकाने पाडायला लावले : 'लाभ कोणाला' आणि 'खर्च कोणाला'. वीज, पगार, दुकाने, घरभाडे पहिल्या रकान्यात. सुटलेली गावे, नाकाला झोंबणारा वास, नाल्याचे बदललेले पाणी दुसऱ्यात. 'दोन्ही रकान्यांत एकच नाव असेल तर तो बाजार. नावे वेगळी असतील तर ती बाह्यता,' ही व्याख्या मी परीक्षेत लिहिली आणि मला पूर्ण गुण मिळाले.

शनिवारचा सौदा करणारा तो बोईसरचा मुलगा एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. रात्रपाळी करून तो थेट वर्गात येतो आणि शेवटच्या बाकावर झोपतो. सर त्याला उठवीत नाहीत. एकदा मात्र तो आपणहून उठला. वेतन हे श्रमिकाच्या सीमांत उत्पादकतेइतके असते, असे सर सांगत होते. तो म्हणाला, 'सर, माझ्याच मशीनवर दिवसा कायम कामगार असतो. त्याला माझ्या दुप्पट मिळतात. मग आमची सीमांत उत्पादकता गेटवरच बदलते का?'

वर्ग हसला. सर हसले नाहीत. खडू खाली ठेवून ते म्हणाले, 'माझीही तशीच बदलते.' तेव्हा आम्हांला प्रथमच कळले की आमचे सर तासिका तत्त्वावर आहेत. जितके तास घेतले तितक्यांचेच पैसे. मे महिन्याचे नाहीत, दिवाळीच्या सुटीचे नाहीत, पेपर तपासताना जागविलेल्या रात्रींचे तर नाहीतच. दर वर्षी नेमणूक नव्याने. शनिवारचा तास कोणत्याच हिशेबात बसत नव्हता. मुलांनी आग्रह केला तेव्हा त्यांनी आपल्या घराचाही जमाखर्च फळ्यावर मांडला. ते आकडे मी येथे देत नाही; ते वर्गापुरते होते. एवढेच सांगते की त्या कंत्राटी मुलाने आपल्या पगाराशी ते ताडून पाहिले आणि खाली बसताना म्हणाला, 'सर, आमच्यात या.'

'मग तुम्ही हे सोडत का नाही?' असे मी विचारले होते. सर म्हणाले, 'संधी खर्च म्हणजे काय ते तू शिकली आहेस. दुसरीकडे काय मिळाले असते ते मी दर जूनमध्ये मोजतो. अजून इकडचे पारडे थोडे जड निघते. कायम निघेलच असे नाही.' आणि थोडे थांबून म्हणाले, 'बाबासाहेबांनी १९१८ साली सिडनहॅम महाविद्यालयात हाच विषय शिकवायला घेतला होता. तीही नेमणूक कायमची नव्हती.'

यंदा आम्ही अकरा जणांनी दुसरा अर्ज लिहिला आहे. अर्थशास्त्राची पूर्ण वेळ जागा भरावी, आणि विद्यार्थी कमी म्हणून विशेष विषय बंद करू नये. अर्ज देण्याआधी सरांना दाखविला. त्यांनी लाल शाईने दोन शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या आणि मजकुराबद्दल काहीही न बोलता तो परत दिला. उत्तर अजून आलेले नाही.

प्राध्यापकवर्गाला आमची विनंती एवढीच की हा अर्ज त्यांनीही वाचावा. आणि प्रथम वर्षाच्या मित्रमैत्रिणींनो, सहानुभूती पुरे, विषय घ्या. अकराचे एकवीस झालो तर आमच्या मागणीला वजन येईल. शनिवारचा तास आठ वाजता असतो. येताना पेन्सिल, फूटपट्टी आणि घरच्या जमाखर्चाची वही आणावी. नोट्स मिळणार नाहीत.