तुमचा पंप कुठला?

घिवलीहून बोईसरला स्कूटरने जाणाऱ्या प्रत्येकाचा एक ‘आपला’ पंप असतो. आमच्या काकांची तर एकाच कंपनीवर कुलदैवताइतकी श्रद्धा! पण गंमत ऐका. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम, हिंदुस्तान पेट्रोलियम एकमेकांच्या रिफायनरीतला माल सर्रास घेतात. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६, म्हणजे गंधक जास्तीत जास्त १० पीपीएम, बोर्ड कुठलाही असो. फरक पडतो तो अ‍ॅडिटिव्हने आणि पंपाच्या टाकीने. पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढून घेतं, अन् आमच्याकडे पाऊस धो धो. टाकीत पाणी शिरलं की ही जोडी तळाशी बसते आणि स्कूटर भररस्त्यात बंद. म्हणून पावसाळ्यात मी टाकीतलं पाणी तपासलंत का, असं विचारते. भेसळीची शंका आली तर हक्काने फिल्टर पेपर मागते. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत, पैसे माझेच जातात ना!