कॅमेरा सोडून सगळं चालतं

जुन्या फोनवर नवं अँड्रॉइड चढवणाऱ्या आमच्या जमातीत एक वाक्य ठरलेलं आहे : ‘कॅमेरा सोडून सगळं चालतं.’ ऐकणाऱ्याला वाटतं, आता थोडंच राहिलंय. खरं काम तिथूनच सुरू होतं.

जुना फोन अशक्त असतो, हा लोकांचा समज. गॅलेक्सी नेक्सस घ्या. २०११चा फोन, १ जीबी रॅम. २०१३मध्ये आलेलं अँड्रॉइड ४.४ तर ५१२ एमबीच्या फोनवरही चालावं म्हणून मुद्दाम हलकं केलेलं. तरी गूगलने ते या फोनला दिलं नाही. अपडेट देण्याची अठरा महिन्यांची मुदत संपली, हे सांगितलेलं कारण. शिवाय त्यातली चिप बनवणारी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स मोबाइलच्या धंद्यातून आधीच बाहेर पडलेली. ग्राफिक्सचा नवा ड्रायव्हर लिहिणार कोण?

लिनक्स कर्नलचा सोर्स परवान्यामुळे कंपन्यांना द्यावाच लागतो. ग्राफिक्स, कॅमेरा यांचा बराचसा भाग मात्र बंद बायनरीत येतो. आम्ही त्याला ब्लॉब म्हणतो. ब्लॉब एखाद्या फंक्शनला जुन्या नावाने हाक मारतो आणि नव्या सिस्टीममध्ये त्या नावाचं कुणी उरलेलंच नसतं. मग मधे एक छोटी लायब्ररी लिहायची, शिम. तिने जुन्या नावाला ओ द्यायची आणि काम नव्याकडून करून घ्यायचं.

हे झालं सोपं दुखणं. नाव तेच राहिलं, पण आतल्या स्ट्रक्चरमध्ये एखादं फील्ड वाढलं, की नावं जुळवणारा लिंकर काहीच तक्रार करत नाही. फोटो काढताना फोन कोसळतो. मग बसा लॉगकॅट, म्हणजे फोनच्या नोंदी, वाचत.

गॅलेक्सी नेक्ससला मदत मिळाली ती चष्म्याकडून! गूगल ग्लासमध्ये त्याच घराण्यातली चिप होती. २०१४मध्ये ग्लासला ४.४ मिळालं आणि हौशी मंडळींनी त्यातले ग्राफिक्सचे ब्लॉब उचलून फोनला बसवले. असं नशीब क्वचितच.

कधी अडचण कर्नलचीच असते. अँड्रॉइड १२ने नेटवर्कचा कारभार नव्या कर्नलमधल्या ईबीपीएफ या सोयीवर सोपवला, तेव्हा जुन्या कर्नलचे कितीतरी फोन लिनिएजओएस या हौशी मंडळींच्या अँड्रॉइडला मागे सोडावे लागले. ‘बॅकपोर्ट करा की, नव्या कर्नलमधलं जुन्यात आणा’ म्हणणाऱ्यांनी ३.१८च्या कर्नलवर एकदा करून पाहावं.

फोन घेताना मेगापिक्सेल जरूर विचारा. सोबत दुसरी सिस्टीम अडवणारा बूटलोडर उघडता येतो का आणि कर्नलचा सोर्स कंपनीने खरोखर दिलाय का, हेही बघा. दुकानदाराला ठाऊक नसेल. घरी येऊन शोधा, पण पैसे देण्याआधी.