क्वार्टरमागचा वाफा

भिलाईत सेक्टरातल्या क्वार्टरमागे जागा ती केवढी! कपड्यांची दोरी, नळ, मोडकी सायकल, आणि उरलेल्यात चार फूट बाय आठ फुटांचा वाफा. रुंदी चार फुटांच्या वर नेऊ नये. दोन्हीकडून हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे. भुसभुशीत केलेल्या मातीवर पाय पडला की सगळी मेहनत गेली.

०

इकडे छत्तीसगडात मातीची नावं शेतकऱ्यांच्या तोंडी असतात: काळी ती कन्हार, पिवळसर ती मटासी, तांबडी मुरमाड ती भाटा. भाटा वाट्याला आली तर कुदळ मारून कंबर मोडून घेऊ नये. विटांची कड नुसती रचून त्यात माती आणि कुजलेलं शेणखत निम्मं निम्मं, फूटभर चढवावं.

०

पैरा, म्हणजे भाताचा पेंढा, धानाच्या या मुलखात मुबलक. तो मातीत गाडायचा नाही. कुजताना मातीतलं नत्र तोच खातो आणि रोपं पिवळी पडतात. वरून बोटभर जाडीचं आच्छादन करावं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे जातो तेव्हा त्याखाली बोट घालून पाहा, ओल सापडते. कोरडा पडला तर मात्र वाळवी लागते.

०

2020 च्या हरेली सणाला छत्तीसगड सरकारने 2 रुपये किलोने शेण विकत घ्यायला सुरुवात केली. त्याआधीची घोषणा ‘नरवा, गरुवा, घुरवा, बाडी’: ओढा, गुरं, उकिरडा, परसबाग. 2023 मध्ये सरकार बदललं. घुरवा आणि बाडी मात्र सरकारी योजनेच्या आधीपासूनच गावोगाव होत्या.

०

कमी जागेत लावावं काय? पालेभाजी. इथल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. लाल भाजी (लाल माठ), चेच, अमारी (अंबाडी), पोई (मायाळू), रताळ्याचा पाला, मुनग्याचा (शेवग्याचा) पाला, सगळं ताटात येतं. चार-चार इंचांवर एक रोप धरलं तर बत्तीस चौरस फुटांत लाल भाजीची 288 रोपं बसतात, आणि महिन्याभरात कापणीला येतात. उपटायची नाहीत. दोन पेरं ठेवून खुडली की बगलेतून पुन्हा फुटतात. चेच पावसाळ्यातली, शिजली की बुळबुळीत होते, आमच्याकडच्या नव्या सुना आधी नाकं मुरडतात.

०

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर, शेतकऱ्यांच्या ‘प्रयोग परिवार’ चळवळीचे, मूळचे गणिताचे प्राध्यापक. शेतीचा हिशेब ते पानावर पडणाऱ्या उन्हापासून मांडत. उघड्या मातीवर पडलेलं ऊन फुकट गेलं. म्हणून दोरीवर बरबटी (चवळी) चढवावी, तिच्या विरळ सावलीत कोथिंबीर, कडेला पोई. बरबटीच्या मुळांवरच्या गाठी नत्र धरतात. वेल काढताना मुळं मातीतच राहू द्यावीत.

०

मावा बरबटीच्या शेंड्यावर आधी बसतो. मुंग्यांची रांग वर चढताना दिसली की समजावं. शेंडा खुडून टाकावा, पाण्याचा जोरदार फवारा मारावा. निंबोळी अर्काची पाळी सहसा येत नाही.

०

कुंडीतली फ्लॉवर आणि टोमॅटो हा फोटोपुरता हौसेचा मामला. एका फ्लॉवरच्या गड्ड्याला तीन महिने दीड फूट जागा अडते. तेवढ्यात पालेभाजीच्या दोन-तीन खुडण्या निघतात.

०

अमारीचं एक झाड कोपऱ्यात न खुडता ठेवा. हिवाळ्यात बोंडं वाळली की त्यातलं बी पुढच्या पावसाळ्याला पुरतं, शेजाऱ्यांनाही मूठभर देता येतं.