पाण्याचे माहेर : बामणोली ते वासोटा

सांगलीत राहणाऱ्या माणसाला पावसाळ्यात दोन आकडे तोंडपाठ असतात. आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे आणि कोयनेतून किती क्युसेक सोडले आहे. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हे पाणी ५७ फुटांवर गेले. आमच्या घरात ते छातीपर्यंत होते. त्या वर्षी बकरी ईद १२ ऑगस्टला आली. ती आम्ही मिरजेत भावाच्या घरी, मागून आणलेल्या कपड्यांत साजरी केली. धाकटा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. तेव्हापासून टीव्हीवर ‘कोयना’ हा शब्द आला की तो हातातले काम टाकून ऐकत बसतो.

गेल्या डिसेंबरात साताऱ्याला खालाच्या घरी गेलो होतो. मोठ्या मुलीने कॉलेजच्या मैत्रिणींकडून वासोट्याचे वर्णन ऐकले होते. बामणोलीहून बोटीने कोयनेचा जलाशय ओलांडायचा, मग जंगलातून गडावर चढायचे आणि संध्याकाळी परत यायचे. तिने हट्टच धरला. खालाला ते पटेना. “गडावर कशाला जायचं? पोरीबाळी बरोबर, डोक्यावर ओढण्या. कुणी काही बोललं तर?” आजकालच्या बातम्या ऐकल्यावर खालाची काळजी खोटी म्हणता येत नव्हती. मुलांचे अब्बा म्हणाले, “गाठ पडेल ती जंगलाशी आणि पाण्याशी. बाकी अल्लाह मालिक.” धाकट्याने मात्र वेगळेच विचारले, “वो कोयना का पानी दिखेगा क्या?” मग मीही हो म्हटले.

फजर पढून आम्ही साताऱ्याहून निघालो. यवतेश्वरचा घाट चढला की रस्ता कासच्या पठारावर येतो. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ज्या जागांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत हे पठार आहे. सप्टेंबरात इथे फुलांचे गालिचे असतात आणि माणसांची झुंबड. डिसेंबरात फक्त पिवळे गवत आणि काळा कातळ. या कातळावर माती जेमतेम बोटभर असते आणि तेवढ्यावरच ती सारी फुले जगतात. पठार संपताच झाडीत कासचा तलाव दिसतो. सातारा शहराच्या नळाला येणारे पाणी इथले. “म्हणजे खाला दादी यही पानी पीती?” धाकट्याने विचारले. पाणी कुठून येते हे मनात जुळवायला त्याने तिथूनच सुरुवात केली होती.

कासपासून रस्ता खाली खाली उतरत बामणोलीला पाण्यापाशी थांबतो. समोर शिवसागर. कोयना नदीवर हेळवाकजवळ बांधलेल्या धरणाचा हा जलाशय दोन डोंगररांगांच्या मधून लांबवर पसरला आहे. साठवण १०५ टीएमसी. हा आकडा मी शेकडो वेळा ऐकला होता. डोळ्यांनी पाहताना तो आकडा राहिला नाही. सकाळच्या धुक्यात पाणी इतके शांत होते की वल्ह्याचा आवाजही मोठा वाटावा. धाकटा माझा हात धरून उभा राहिला. बराच वेळ काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, “अम्मी, येच पानी अपने घर में आया था?”

मी “हो” म्हणाले, पण ते पूर्ण खरे नव्हते. बोटीत बसल्यावर त्याला नीट समजावले. कोयना महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते आणि कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. पुढे सांगलीजवळ हरिपूरला वारणा येऊन मिळते, जिच्यावर चांदोलीचे धरण आहे. पूर येतो तेव्हा तो एकट्या कोयनेचा नसतो. धरणाखालच्या मुलखात पडलेला पाऊस, कृष्णेचे स्वतःचे पाणी, वारणेचे पाणी असे सगळे एकदम येते. आणि उन्हाळ्यात याच कोयनेचे पाणी कृष्णेत सोडले, की ताकारी, टेंभू, म्हैसाळच्या योजनांतून ते उपसून सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी भागात नेतात. एका जिल्ह्यात एकाच पाण्याला कुणी भितो, कुणी त्याची वाट पाहतो.

आमचे नावाडी काका साठीच्या पुढचे होते. इंजिनाच्या आवाजातून त्यांनी हे बोलणे ऐकले असावे. मध्यावर आल्यावर त्यांनी बोटीचा वेग कमी केला आणि पाण्याकडे बोट दाखवले. “ताई, आमचं जुनं गाव हितंच खाली हाय. शेतं, आंब्याची झाडं, देऊळ, समदं. मी तवा जलमलो बी नव्हतो. आमचा बा सांगायचा.” धरणाचे काम १९६० च्या दशकात पुरे झाले आणि या खोऱ्यातली शंभराच्या आसपास गावे उठली. काही माणसे डोंगरात वर सरकली, काहींना दूरच्या जिल्ह्यांत जमिनी दाखवल्या गेल्या. “उन्हाळ्यात पाणी लई उतरलं की जुन्या भिंती वर येत्यात. मग आमची म्हातारी माणसं बघाया जायची.”

बोटीत सगळे गप्प झाले. आमच्या घरात पाणी आठवडाभर राहिले आणि ओसरले. भिंती धुतल्या, रंग दिला, पुन्हा राहायला आलो. यांच्या घरातले पाणी साठ वर्षे उतरलेले नाही. त्या पाण्यावर झालेल्या विजेने आमच्या घरातले दिवे लागले. मुलांचे अब्बा काकांना एवढेच म्हणाले, “काका, हे आम्हाला कधी कुणी सांगितलं नाही.” काका हसले. “इचारलं कुनी?”

तास-दीड तासाने बोट मेट इंदवलीच्या काठाला लागते. इथून कोयना अभयारण्य. २०१० पासून हे जंगल आणि दक्षिणेचे चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आहे. वनखात्याच्या चौकीवर नावे लिहून घेतात, पिशव्या तपासतात, प्लॅस्टिकच्या वस्तू मोजतात आणि परतताना तेवढ्याच परत आणल्या का ते पाहतात. आम्ही स्टीलच्या बाटल्या, कापडात बांधलेल्या भाकऱ्या, ठेचा, उकडलेली अंडी आणि खजूर नेले होते. त्यामुळे आमची मोजणी लवकर संपली.

पहिली काही पावले सपाट आहेत. ओढा ओलांडला, मारुतीचे आणि गणपतीचे छोटे ठाणे मागे टाकले, की चढ सुरू होतो. झाडी इतकी दाट की ऊन जमिनीवर ठिपक्यांनी पडते. अंजनी, जांभूळ, हिरडा, मध्येच कारवीची रानेच्या राने. वाटाड्याने चिखलातला गव्याच्या खुराचा ठसा दाखवला. उंच फांदीवर शेकरू दिसले, तपकिरी, झुपकेदार शेपटीचे. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू आहे हे मुलांना पुस्तकातून ठाऊक होते. इथे तो त्यांच्याकडेच पाहत होता.

चढ अवघड नाही, पण लांब आहे. रोज घर ते बाजार एवढेच चालणाऱ्या माझ्यासारखीला दोन-अडीच तास पुरले नाहीत. आम्हाला तीन लागले. वाटेत कऱ्हाडकडच्या मुलामुलींचा एक गट भेटला. कधी ते पुढे, कधी आम्ही. एका वळणावर मी दमून बसले, तेव्हा त्यांच्यातल्या मुलीने मला काठी दिली. “काकू, ही घ्या, मला उतरताना द्या.” खालाला वाटत होते तसे कुणी काही बोलले नाही. सगळ्यांनी विचारलेला प्रश्न एकच होता, अजून किती राहिले?

वर एका जागी वाट फुटते. उजवीकडची वासोट्याला जाते, डावीकडची नागेश्वरच्या सुळक्याकडे. तिकडून पुढे धारेवरून एक जुनी वाट खाली कोकणात, खेड तालुक्यातल्या चोरवण्याला उतरते. मुलीला त्या वाटेने निदान खिंडीपर्यंत तरी जायचे होते. वाटाड्याने घड्याळ दाखवले. बोट ठरल्या वेळी परत निघाली पाहिजे, अंधारात या जंगलात थांबता येत नाही. मुलगी हिरमुसली. अब्बा म्हणाले, “आज आपण पाच जण बोटवाल्या काकांच्या भरवशावर आणि ते आपल्या भरवशावर. दिलेला शब्द अमानत असतो.” आम्ही उजवीकडे वळलो.

गडाचे पडके दरवाजे ओलांडून वर गेलो. समुद्रसपाटीपासून उंची साधारण ११७० मीटर. वर छत नसलेले मारुतीचे देऊळ, पाण्याचे टाके, वाड्याच्या जोत्याचे दगड, चुन्याचा घाणा. शिवाजी महाराजांनी या गडाला व्याघ्रगड नाव दिले. राजापूरच्या वखारीतल्या काही इंग्रजांना इथे कैदेत ठेवले होते आणि १८१८ मध्ये इंग्रजांनीच तोफा डागून तो घेतला. एवढ्या आडरानात कैद्याला पळून जायला वाव तरी कुठे असेल!

मग आम्ही पश्चिमेच्या कड्यावर आलो. बाबूकडा म्हणतात त्याला. डोंगर तिथे सुरीने कापल्यासारखा संपतो आणि खाली कोकण सुरू होते. मागे वळले की शिवसागर, पुढे पाहिले की कोकणातल्या दऱ्या. आमच्या पायाखालचा डोंगर हाच देशाचा पाणलोट. या कड्याच्या पूर्वेला पडलेला थेंब कोयना, कृष्णा करत सांगलीवरून बंगालच्या उपसागराला जातो. पश्चिमेला पडलेला अरबी समुद्राला.

पण माणसाने त्यातही बदल केला आहे. शिवसागराचे पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीकडे उतरवले जाते. दरवर्षी सुमारे ६७ टीएमसी. वीज करून ते पाणी वाशिष्ठी नदीत जाते आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीला मिळते. दाभोळ हे बहामनी आणि आदिलशाही काळातले मोठे बंदर. हजचे यात्रेकरू तिथून जहाजात बसत. काठावर आदिलशाहीतली दगडी मशीद आजही उभी आहे. विजापूरची एक शहजादी हजला निघाली, समुद्र सुरक्षित नव्हता म्हणून जाऊ शकली नाही आणि सोबतचा पैसा तिने या मशिदीला लावला, असे तिच्याबद्दल सांगतात. देशावरून त्या बंदराकडे जाणाऱ्यांना सह्याद्रीच्या अशाच कुठल्या ना कुठल्या घाटाने उतरावे लागे. वर यायचे मीठ, मासळी, सुपारी आणि खाली जायचे धान्य, गूळ. ज्या वाटेसाठी मुलगी हिरमुसली होती, तशा वाटांवरून किती पिढ्या चालल्या असतील.

जुहरची वेळ झाली होती. बाटलीतल्या पाण्याने आम्ही वुजू केला. वाहत्या नदीकाठी असलात तरी वुजूत पाणी उधळू नका, ही शिकवण मुलांना लहानपणापासून दिलेली. तिथे ती समजावून सांगावी लागली नाही. खांद्यावरून वाहून आणलेले पाणी कुणी सांडत नाही. वाटेपासून दूर, कड्यापासून मागे सपाट जागा पाहून चादर अंथरली. किबला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे. तोंड केले तर समोर कोकण आणि त्यापलीकडे समुद्र. आम्ही मुसाफिर, म्हणून दोनच रकात. पण त्या दोन रकातींत मन जितके हलके झाले, तितके पुरानंतर कधी झाले नव्हते. आकाशातून पाणी ठरलेल्या मापाने उतरवले जाते, असा उल्लेख कुरआनात आहे. पुराच्या वर्षी हे आठवले की मी मनात म्हणायचे, मग आमच्या वाट्याचे माप एवढे मोठे का? कड्यावरून दोन्ही उतार पाहताना त्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असे नाही म्हणणार. पण मला इतकी वर्षे फक्त माझ्या घरात शिरलेले पाणी दिसत होते. त्या दिवशी काकांचे बुडालेले गाव दिसले, आटपाडीतल्या बाईची घागर दिसली, पोफळीचा दिवा दिसला.

उतरायला दोन तास पुरेसे झाले. मुलीने काठी आठवणीने परत केली. चौकीवर मोजणी जुळली. बामणोलीला पोचलो तेव्हा सूर्य डोंगराला टेकायचा होता. काठावरच असर पढायचे ठरले. धाकटा पाण्याशी वाकला, ओंजळ भरली आणि तशीच धरून थांबला.

“काका, हे पाणी सांगलीला कधी पोचणार?”

“धरणाचं दार उघडंल तवा,” काका दोर बांधता बांधता म्हणाले. “आमचं गाव बघून मग तुमच्याकडं येतंय ते. नीट वापरा म्हंजे झालं.”

जाणाऱ्या वाचकांसाठी थोडे. पावसाळ्यात वासोटा बंद असतो. दिवाळीनंतर ते उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंतचा काळ चांगला. वनखात्याची परवानगी लागते, ओळखपत्रे सोबत ठेवा. बोट गटाने ठरवली तर खर्च वाटला जातो. बामणोलीहून सकाळी आठच्या आत निघा, नाहीतर वरचा वेळ कमी पडतो. वाटाड्या जरूर घ्या आणि तो परत फिरा म्हणाला की फिरा. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांना कास आणि बामणोलीपर्यंत नक्की न्या, बोटीतूनही खूप दिसते. माणशी दोन लिटर पाणी, पकड असलेले बूट आणि घरचे जेवण न्या. नमाजची चादर पातळ असावी, ओझे होत नाही.

आणि नावाड्याला त्याच्या गावाबद्दल विचारा. आम्हाला ते काकांनीच शिकवले.