उजेडाची वाट

मुंबईतील एखादे मूल संध्याकाळी भिंतीवरचे बटण दाबते आणि खोली उजळून निघते. बटण दाबणे आणि दिवा लागणे यांमध्ये पापणी लवण्याइतकाही वेळ जात नाही. जणू तो उजेड बटणातच दडून बसला होता, असे मुलाला वाटावे यात नवल नाही. परंतु त्या उजेडाची वाट फार लांबची आहे. ती सह्याद्रीच्या माथ्यावरून निघते, डोंगरपायथ्याच्या वीजघरांतून जाते आणि मग शहरात शिरते. तिच्या एका वळणावर काही माणसांची बुडालेली शेतेही आहेत. ज्याच्या घरी दिवा लागतो, त्याने ही वाट एकदा तरी मनाने चालून पाहावी.

1874 सालच्या मे महिन्यात मुंबईच्या रस्त्यांवर ट्राम धावू लागली. रुळांवरून चालणारा तो डबा ओढीत मात्र घोडे. उन्हापावसात माणसांनी भरलेला डबा ओढताना ती मुकी जनावरे घामाघूम होत. रस्त्यांवर गॅसचे दिवे होते आणि ते दररोज सायंकाळी एकेक करून पेटवावे लागत. घरोघरी समया, पणत्या आणि रॉकेलचे कंदील. कंदिलाची काच पुसणे, वात कातरणे आणि तेल भरणे हे घरातील रोजचेच काम होते. उजेड हवा असेल, तर त्याच्यासाठी कुणाचे तरी हात काळे व्हावे लागत.

1882 साली क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले. लोक कौतुकाने पाहू लागले. पण ज्या कंपनीने ते लावले ती वर्षभरातच मोडली आणि नवलाई मावळली. पुढे 1905 साली वाडी बंदर येथे कोळशावर चालणारे वीजघर उभे राहिले आणि 7 मे 1907 रोजी विजेची ट्राम मुंबईच्या रस्त्यावर आली. घोड्यांच्या मानेवरचे जू उतरले. ज्या तारांनी ट्राम चालविली, त्यांच्याच जोडीने वीज हळूहळू दुकानांत आणि घरांतही शिरली. घरातील दिवा आणि रस्त्यावरील वाहन ही मुंबईत अशी सख्खी भावंडे आहेत. आजही शहराच्या मोठ्या भागाला वीज पुरविणारी आणि मुंबईच्या रस्त्यांवर बस चालविणारी संस्था एकच आहे. तिला सारे ‘बेस्ट’ म्हणून ओळखतात. 1947 सालच्या ऑगस्टमध्ये ती नगरपालिकेच्या मालकीची झाली.

परंतु कोळशाची एक मोठी अडचण होती. मुंबईजवळ कोळशाच्या खाणी नाहीत. बंगाल-बिहारकडून, कधी कधी परदेशांतूनही, तो आणावा लागे. कापडाच्या गिरण्यांची धुराडी रात्रंदिवस धूर ओकीत आणि तो धूर गिरणगावातील चाळींवर उतरे. अशा वेळी जमशेटजी टाटा यांची दृष्टी सह्याद्रीकडे वळली. घाटमाथ्यावर पावसाळ्यात धो धो पाऊस कोसळतो आणि माथ्यावरून खाली कोकणाकडे पाहिले, तर डोंगराचा कडा एकदम तुटलेला दिसतो. वर अडविलेले पाणी खाली सोडले, तर त्याच्या वेगाने चाके फिरतील आणि त्या फिरण्यातून वीज निर्माण होईल, असा हा विचार होता. 1904 साली जमशेटजी निवर्तले. पण त्यांच्यामागे त्यांच्या मुलांनी ते काम तडीस नेले. लोणावळा, वळवण आणि शिरवता येथे तलाव बांधले गेले. तेथील पाणी मोठ्या नळांतून सुमारे 500 मीटर खाली खोपोलीच्या वीजघरात कोसळू लागले आणि 1915 साली तेथील वीज सुमारे 70 किलोमीटरवरील मुंबईला पोहोचली. प्रथम ती मिळाली गिरण्यांना.

यात निसर्गाच्या क्रमाचा एक मोठा पालट झाला आहे, तो सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. लोणावळ्याजवळ पडणारा पाऊस इंद्रायणीतून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळत असे. तलावांत अडविलेले तेच पाणी आता वीज देऊन पाताळगंगेत उतरते आणि अरबी समुद्राला जाते. मुंबईचा दिवा लागावा म्हणून पाण्याने आपली दिशाच बदलली.

3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, येथून विजेची पहिली प्रवासी गाडी हार्बर मार्गाने कुर्ल्याला गेली. भारतातील विजेच्या रेल्वेची ती सुरुवात होय. वाफेचे इंजिन जड असते. ते वेग घ्यायला वेळ लावते, आणि शेवटच्या स्थानकावर त्याला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्यावे लागते. विजेच्या गाडीत मोटारी डब्यांखालीच असतात. ती झटकन वेग घेते, झटकन थांबते आणि दोन्ही टोकांकडून हाकता येते. म्हणून जवळजवळच्या स्थानकांवर थांबत धावणे तिला सोपे जाते. पुढे उपनगरांतील मोकळ्या जागांवर घरे उभी राहिली आणि दूर राहून शहरात कामाला येणे शक्य झाले. आजच्या मुंबईचा विस्तार या गाड्यांच्या रुळांवरच वाढला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

विजेची मागणी जशी वाढत गेली, तसे आणखी पाणी अडविणे भाग पडले. पुण्याच्या पश्चिमेला मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमावर धरण बांधावयाचे ठरले. हे मुळशीचे खोरे. तेथील मावळे शेतकरी पिढ्यान्पिढ्या भाताची शेती करीत. तेथला आंबेमोहोर तांदूळ नावाजलेला होता. धरणाच्या पाण्याखाली पन्नासाच्या आसपास गावे जाणार होती. ‘शहराचा कोळसा वाचेल, कारखान्यांना स्वस्त वीज मिळेल,’ असे सरकार आणि कंपनी सांगत. आणि ते खोटे नव्हते. पण शेतकरी विचारीत होते, ‘आमच्या वाडवडिलांच्या जमिनी बुडवून कुणाच्या घरी दिवे लावणार?’ तोही प्रश्न खोटा नव्हता.

1921 साली रामनवमीच्या दिवशी मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे पुढारी होते. पुरुषांबरोबर स्त्रियाही धरणाच्या जागेवर जाऊन बसल्या. मार सोसला, तुरुंग सोसला. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने मिळवून दिली. अखेर धरण झाले आणि 1927 साली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. खोऱ्यातील भाताची खाचरे पाण्याखाली गेली. सत्याग्रहाचा पराभव झाला, हे खरे. परंतु तो प्रश्न बुडाला नाही. पुढे जेथे जेथे मोठी धरणे झाली, तेथे तेथे तो पुन्हा वर आला. ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. मुळशीच्या खोऱ्याकडे पाहिले म्हणजे तिचा खरा अर्थ कळतो.

या गोष्टीला आता शंभर वर्षे होऊन गेली. मुंबईतील शेवटची ट्राम 31 मार्च 1964 रोजी धावली. 2014 साली मेट्रो आली. उपनगरी गाड्यांच्या तारांतून पूर्वी 1500 व्होल्टचा प्रवाह जात असे. 2016 सालापर्यंत साऱ्या मार्गांवर 25,000 व्होल्टचा प्रवाह आला. 2023 साली विजेवर चालणारी दुमजली बस रस्त्यावर आली. आजच्या नव्या गाड्यांचे एक वैशिष्ट्य सांगण्यासारखे आहे. ब्रेक लावताच त्यांची मोटार उलट काम करू लागते आणि धावण्याचा जोर पुन्हा विजेत पालटून तारेकडे परत पाठविते. खर्च केलेल्यातले काही परत देण्याचा हा गुण यंत्राने तरी शिकून घेतला आहे.

विजेच्या बसमागे धुराचा लोट नसतो. रस्त्यावर चालणाऱ्याच्या नाकातोंडात काजळी जात नाही. हा लाभ लहान नाही. तथापि धूर दिसेनासा झाला म्हणजे तो नाहीसा झाला, असे मात्र नव्हे. मुंबईला मिळणाऱ्या विजेचा मोठा हिस्सा आजही कोळसा जाळूनच तयार होतो. त्या वीजघराच्या धुराड्याखाली कुणाचे तरी गाव असते, कुणाची तरी मुले शाळेत जात असतात. वीज जसजशी सूर्यापासून आणि वाऱ्यापासून अधिक मिळू लागेल, तसतसे हे ओझे कमी होईल. पण त्यांच्यासाठीही जमीन लागणारच. आणि ती कुणाची, त्याला विचारले का, हा मुळशीचा प्रश्न तेव्हाही विचारावा लागेल.

म्हणून विजेचा द्वेष करावा काय? मुळीच नाही. तिने घोड्याच्या मानेवरचे जू काढले, गिरणगावावरचा धूर हलका केला, अंधाऱ्या खोलीतील मुलाला रात्री वाचता येईल असे केले. एवढे उपकार करणारी शक्ती माणसाने आदरानेच वापरली पाहिजे. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा आणि भर दिवसा जळणारा दिवा यांनी केवळ पैसे वाया जातात असे नव्हे. डोंगरावरचे पाणी, खाणीतला कोळसा आणि कुणीतरी सोडलेली जमीन यांचाही तो अपव्यय असतो. विजेचे देयक महिन्याच्या महिन्याला भरून टाकता येते. मुळशीच्या मावळ्यांचे देणे मात्र तसे फिटत नाही. ते स्मरणात ठेवावे लागते, आणि पुन्हा तसे देणे कुणाच्या माथी मारले जाणार नाही, याची काळजी घ्यावी लागते.