फुटव्याचं वजन

मी शिरूर अनंतपाळचा. आमच्या लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्कासुद्धा नाही. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी चौथीत होतो, त्यामुळं रेल्वे म्हटलं की आम्हाला आधी पाणीच आठवतं. जंगल मात्र फक्त पुस्तकात पाहिलेलं. म्हणून माझा किनवटचा रूममेट मेसमध्ये ऐटीत "आमचं जंगल तुटतं, पण परत येतं" म्हणायचा तेव्हा मुकाट ऐकून घ्यावं लागायचं.

गेल्या दिवाळीत त्याच्या गावी गेलो. गडी खोटं बोलत नव्हता. किनवटचं जंगल पानगळीचं, सागाचं. तोडलेल्या सागाच्या खुंटांना तीन-तीन, चार-चार फुटवे आणि त्यांना ही भलीमोठी पानं! लांबून बघणाऱ्याला वाटावं, इथं काही झालंच नाही.

पण मित्रांनो, आपण पडलो इंजिनिअरिंगवाले. टेप लावल्याशिवाय चैन पडतं होय? खुंटाचा घेर चार फूट, फुटव्याचा एक फूट. मित्र म्हणाला, "बघ, चौथाई झाड आलं." कसलं चौथाई! घेर चौपट तर खोडाचा छेद सोळापट, शिवाय उंचीही वाढलेली. वजन ढोबळमानानं तीसपट धरा. म्हणजे तीन फुटवे मिळून मूळ झाडाचा जेमतेम दहावा हिस्सा. सुक्या लाकडाचं साधारण निम्मं वजन कार्बनचं, तेव्हा कार्बनचा हिशेबही तोच.

मग बाकीचा कार्बन गेला कुठं? चौकट-दरवाजा झाला असेल तर त्यात आहे. फांद्या चुलीत गेल्या. खुंट मेला तर मुळ्या जमिनीत वर्षानुवर्षं कुजत राहतात आणि कार्बन हवेत जात राहतो. मलेशियातल्या सबा राज्यात तोड झालेल्या जंगलात मोजमाप झालं, ते 2023 मध्ये प्रसिद्ध झालं. नवी वाढ जोमात असूनही निदान दहा वर्षं ते जंगल घेतं त्यापेक्षा जास्त कार्बन सोडतं! सागाचं त्यातल्या त्यात बरं. खुंट जगला तर मुळ्या तयारच असतात, म्हणून फुटवा बियाच्या रोपापेक्षा पळतो. फक्त त्याला परत कुऱ्हाड लागू नये. ती लागते, कारण सरपणाला मनगटाएवढा फुटवाच सोयीचा.

शेती सोडून दिलेल्या जमिनीवर उष्ण प्रदेशातलं जंगल परत कसं येतं, याचा मोठा अभ्यास 2021 मध्ये आला. माती दहा वर्षांच्या आत सावरते, पण झाडांचं वजन पूर्ववत व्हायला सुमारे 120 वर्षं लागतात. तोवर आपल्या बॅकलॉगवाल्यांचे नातूसुद्धा पास झालेले असतील. असो.

हा हिशेब मला एवढा लागायचं कारण घरचं आहे. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या फीच्या वेळी बाबांनी बांधावरचा लिंब विकला. आजोबांच्या हातचा. आरा मशीनवाला येऊन एका दुपारीत घेऊन गेला. बाबा एवढंच म्हणाले, "लिंब कुठं जातोय, फुटंल की परत." फुटला पण. शेळ्यांनी खाल्ला, परत फुटला, परत खाल्ला.

परवा त्यांचा फोन आला. "खुंट काढून टाकावं म्हणतो. ट्रॅक्टर वळंना तिथं."

"नका काढू बाबा, मुळ्या जित्या आहेत."

"आन् शेळ्या?"

या रविवारी गावी जातोय. बाभळीच्या काट्यांचं कुपाट करायचं ठरलंय. टेप बॅगेत टाकलाय.